जळगावचा रविवारचा प्रयोग वर्ग: पोरीचे बारा रविवार झाले, आता लिहितो

आधीच सांगतो, वर्गाचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही, सरांनीच टाकू नका म्हटलंय. हॉलमध्ये सोळाच पोरांची जागा आहे आणि मागच्या वर्षी कोणीतरी ग्रुपवर नंबर फिरवला तर त्यांना दोन दिवस फोन बंद करून ठेवावा लागला. महाबळकडे दोन-चार पालकांना विचारलं की पत्ता मिळतो, मलाही तसाच मिळाला. पण लिहायचं नक्की होतं, कारण पोरांसाठी विज्ञानाचं काहीतरी घ्यावं म्हणून बरेच जण शोधत असतात आणि आधी भलतीकडेच पैसे घालवतात, मीही घालवले.

माझं भुसावळ रोडला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, कूलरच्या मोटरी, सगळं येतं. पोरगी सातवीला, सेमी इंग्लिशला आहे. अभ्यासात बरी आहे, मार्क चांगले पडतात, पण विज्ञानाचं पुस्तक ती इतिहासासारखं पाठ करायची, म्हणजे डोळे मिटून, मागे-पुढे हलत, "चुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांना प्रतिकर्षित करतात, चुंबकाचे सजातीय ध्रुव". एकदा दुकानात बसली होती तेव्हा जुन्या स्पीकरचे दोन चुंबक तिच्या हातात दिले आणि म्हटलं चिकटव बरं, तर ती एकदम ओरडली "पप्पा हे ढकलतंय!" अगं बाई, तू हेच तर पाठ करत होती ना सकाळी! त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कारण माझंही तेच झालेलं. दहावीला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मी तोंडपाठ म्हणून दाखवायचो, पण मोटर आतून कशी असते ते पहिल्यांदा बघितलं आयटीआयला गेल्यावर.

मग आधी किट घेतलं. ऑनलाइन, २,७९९ रुपयांना, डब्यावर शंभर प्रयोग असं लिहिलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच असतं असं मला वाटतं. डबा छान, आतले तुकडे छान, सगळं कापून, भोकं पाडून, नंबर टाकून आलेलं. एक नंबरचा तुकडा दोन नंबरमध्ये बसवा, तीन नंबरची वायर चारला लावा, बटण दाबा, पंखा फिरला. झालं. तिने दोन तासात त्यातलं बरंच करून टाकलं आणि तिसऱ्या दिवशी डबा कपाटावर गेला. मोटर सील केलेली, उघडताच येत नाही. छोटा बल्ब उडाला तर दुसरा नाही, कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले सुटा पार्ट मिळत नाही, पूर्ण किट घ्या. पंखा का फिरला हा प्रश्नच पोरीला पडला नाही, पडायला जागाच नव्हती, सगळं आधीच कोणीतरी ठरवून दिलेलं. पोराला व्यस्त ठेवायचंय तर घ्या किट, काही वाईट नाही त्यात, पण शिकवायचंय म्हणून घेत असाल तर थांबा.

शाळेचंही सांगतो, नाव नको. पालक सभेत मी विचारलं की प्रयोगशाळा आहे ना, मग पोरं तिथे जातात कधी. मॅडम चांगल्या आहेत, खरं बोलल्या. वर्गात अडुसष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी, वह्या, आणि काचेचं सामान फुटलं तर भरून कोण देणार. म्हणून कपाटाला कुलूप, आणि प्रयोग फळ्यावर, "साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान" असं लिहून घ्यायचं. निरीक्षण सुद्धा फळ्यावरून! न बघता निरीक्षण. दहावीला प्रॅक्टिकलचे २० मार्क असतात तेव्हा कुठे लॅबचं दार उघडतं, आणि ते २० बहुतेक सगळ्यांना मिळूनच जातात, त्यामुळे कोणाला काळजी नाही. सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब काढल्यात, म्हणजे शाळेत पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायची खोली, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, ही योजना मला खरंच आवडते, पण ज्या शाळेला मिळाली तिथे ती खोली पाहुणे आल्यावरच उघडत असेल तर त्या थ्रीडी प्रिंटरचा काय उपयोग. मॅडमना मी दोष देत नाही, अडुसष्ट पोरांसमोर स्पिरिटचा दिवा पेटवायला मलाही भीती वाटेल.

तर वर्ग. मार्चपासून मे अखेरपर्यंत बारा रविवार, सकाळी आठ ते साडेदहा. फी २,४०० रुपये, म्हणजे एका रविवारचे दोनशे. सामान सगळं त्यांचं, फक्त वही आपली, आणि कधी कधी घरून काहीतरी आणायला सांगतात, रिकामी बाटली, केळी, जुना सेल असं. सर झेडपीतून रिटायर झालेले आहेत, सोबत एक कॉलेजचा मुलगा मदतीला. पाचवी ते आठवीची पोरं. आमच्या बॅचला सोळात पाच मुली होत्या, एवढ्या कमी का ते मला कळलं नाही. आणि एक नियम, आईबापाने हॉलबाहेर बसायचं. आत यायचं नाही, खिडकीतून सांगायचं नाही. पहिल्या दिवशी मला हे खटकलं होतं.

तिसऱ्या रविवारचं सविस्तर सांगतो कारण तो माझ्या धंद्यातला विषय होता आणि त्या दिवशीच मला सर काय करतात ते समजलं. विद्युतचुंबक. प्रत्येकाला एक तीन इंची खिळा, एक मोठा सेल, टाचण्यांची डबी आणि कॉपरची तार. मी खिडकीशी उभा. पोरांनी खिळ्यावर तार गुंडाळली, दोन टोकं सेलला लावली, टाचण्यांजवळ नेलं आणि काहीच नाही. एकाचंही नाही. सोळापैकी सोळा फेल. मला बाहेरून दिसत होतं काय झालंय, कारण आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात हीच चूक करतं. ती तार उघडी नसते. कॉपर लालसर चमकतं म्हणून उघडी वाटते पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, वार्निशसारखा, म्हणूनच तर शेजारशेजारचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, एकमेकांना चिकटून सुद्धा शॉर्ट होत नाहीत. टोकं खरवडल्याशिवाय करंट जाणारच नाही. माझ्या तोंडात आलेलं, अगं खरवड! पण नियम होता.

सर गप्प. घड्याळ बघून सांगतो, पंचवीस मिनिटं गप्प. फिरत होते, आणि कोणी विचारलं "सर होत नाहीये" की म्हणायचे "बरं, मग काय काय बिघडलेलं असू शकतं, लिही." पोरांनी लिहिलं. सेल संपलाय. खिळा खराब आहे. टाचण्या लोखंडाच्या नाहीत. तार तुटलीय. मग एकेक तपासायला सुरुवात. सेल बल्बला लावून बघितला, बल्ब पेटला, म्हणजे सेल चांगला. टाचण्या चुंबकाला चिकटल्या, म्हणजे टाचण्या चांगल्या. मग एका पोराने सेल आणि बल्बच्या मध्ये तार जोडून बघितली, बल्ब पेटला नाही, म्हणजे तार तुटलेली. सर म्हणाले तुटलेली तार शोधून दाखव. पोरगं तार हातात घेऊन इंच इंच बघतंय, कुठे तुटलेली नाही. आणि मग माझी पोरगी, मी हे छाती फुगवून सांगतो, तारेचं टोक नखाने घासत होती, तिला नखाखाली काहीतरी निघतंय असं वाटलं, तिने कंपासपेटीतल्या ब्लेडने अजून खरवडलं आणि आतला रंग वेगळा दिसला, जास्त उजळ, गुलाबीसर. तिने सरांना विचारलंच नाही. दोन्ही टोकं खरवडली, सेलला लावली आणि खिळ्याला टाचण्या अशा झटकन येऊन लटकल्या की शेजारच्या पोराने टेबलच ढकलला. पाच मिनिटात सगळा हॉल तारा खरवडत होता. मग सरांनी पॉलिश पेपर वाटला. तो त्यांच्या खिशातच होता, सुरुवातीपासून.

बाहेर एक पालक म्हणाले की पंचवीस मिनिटं वाया घालवली, आधी सांगितलं असतं तर दोन प्रयोग झाले असते. मला नाही पटलं. माझ्याकडे बंद मोटर येते तेव्हा मी दुसरं काय करतो? सप्लाय बघ, स्टार्टर बघ, कपॅसिटर बघ, मग कॉइल. एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं आणि जे उरतं तिथे फॉल्ट. हे शिकायला मला कामावर तीन वर्षं लागली आणि उस्तादाच्या शिव्या खाव्या लागल्या. अकरा-बारा वर्षांची पोरं ते एका सकाळी करत होती, आणि कोणी रडत नव्हतं.

पुढे सरांनी टेबल काढायला लावलं, किती टर्नला किती टाचण्या. पोरीच्या वहीत अजून आहे, २० टर्नला ४, ४० ला ९, ६० ला १३, आणि ८० ला १०. आता पुस्तकाप्रमाणे टर्न वाढले की चुंबक वाढायला पाहिजे, आणि तिला वाटलं आपलं चुकलं, तिने १० खोडून १६ लिहिलं. सरांनी वही बघितली आणि फक्त एवढंच म्हणाले की खोडलेला आकडा मला जास्त आवडला, तो परत लिही आणि त्याचं कारण शोध. तिने सेलला हात लावला तर गरम. एवढी जाड तार सरळ सेलला लावली की रोध जवळपास नसतो, करंट भरपूर ओढला जातो आणि सेल दमतो, हे तिला गरम सेलने सांगितलं. नवा सेल लावला, १७ आल्या. वहीत आता दोन्ही आकडे आहेत, शेजारी लिहिलंय "जुना सेल गरम" आणि "नवा सेल". शाळेच्या प्रयोगवहीत असा खोडलेला आकडा ठेवायची कोणाची हिंमत आहे सांगा. तिथे सगळ्यांची निरीक्षणं सारखी, अडुसष्ट वह्यांमध्ये एकच उत्तर.

केळीचे दोन रविवार होते, जळगावला केळी नसेल तर काय असणार. एका रविवारी सरांनी प्रत्येकाला एक कच्चं आणि एक पिकलेलं केळं आणायला सांगितलं. दोन्हीचे काप करून त्यावर आयोडिनचे थेंब. आपल्या मेडिकलवर जखमेचं तपकिरी बेटाडिन मिळतं ना, तेच पाणी घालून पातळ केलेलं. कच्च्याचा काप काळा-निळा झाला, अगदी शाईसारखा, आणि पूर्ण पिकलेल्याचा जेमतेम, कुठे कुठे डाग. कारण कच्च्या केळ्यात स्टार्च असतं, आयोडिन स्टार्चला काळं करतं, आणि पिकताना त्याच स्टार्चची साखर होत जाते, म्हणून गोड लागतं. मग घरचा प्रयोग दिला, दोन पिशव्यांमध्ये कच्ची केळी ठेवा, एका पिशवीत सोबत एक पिकलेलं, आणि रोज एकाचा काप काढून बेटाडिन टाका.

आमच्याकडे आई आहे माझी, चोपड्याकडची. तिने नातीला ओट्यावर केळ्यावर औषध टाकताना बघितलं तर म्हणाली "हाई काय करी ऱ्हायनी व माय? खावानं केळं शे ते!" मग पोरीने तिला पिशव्यांचं सांगितलं तर आई म्हणाली त्यात काय, आम्ही लहानपणापासून हेच करतो, "एक पिकेल केळं ठेव मझार, सम्दं पिकी जाई." पोरीने वहीत लिहिलं, आजीचा अंदाज: पिकलेल्यासोबतची आधी पिकतील. चौथ्या दिवशी आजीच्या पिशवीतला काप जवळपास पांढरा आणि दुसऱ्या पिशवीतला अजून काळा. पुढच्या रविवारी सरांनी सांगितलं की पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तोच शेजारच्या फळांना पिकायला लावतो, आणि आपल्याकडे जी रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या खोल्या, आहेत तिथे हाच वायू मोजून सोडतात, कार्बाइड वापरायला मात्र कायद्याने बंदी आहे. पोरगी घरी येऊन आजीला म्हणाली आजी तुला इथिलीन माहिती होतं, फक्त नाव माहिती नव्हतं. आई दोन दिवस सगळ्यांना हेच सांगत होती.

दुसरा केळीचा रविवार डीएनएचा. पिकलेलं केळं कुस्करायचं, कोमट पाणी, मीठ, भांडी घासायचं लिक्विड, हलक्या हाताने ढवळायचं, फडक्यातून गाळायचं आणि मग ग्लास तिरका धरून कडेकडेने फ्रीजमधलं थंडगार स्पिरिट सोडायचं. दोन थर दिसतात आणि मधल्या रेषेवर पांढरे धागे वर येतात, शेवग्याच्या शेंगेतल्या गरासारखे लिबलिबीत, टूथपिकला गुंडाळता येतात. लिक्विड पेशीच्या भोवतीचा चरबीचा पडदा फोडतं, भांड्यावरचं तेल काढतं तसंच. सरांनी पोरांना खोटं सांगितलं नाही, म्हणाले हा निव्वळ डीएनए नाही, यात केळ्याचं बाकीचंही काही अडकलेलं असतं, निव्वळ करायला मोठी लॅब लागते. मला हे फार आवडलं. आणि मग एकाने विचारलं की केळ्यात बी का नसते, त्यावर अर्धा तास गेला. आपण खातो त्या केळ्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन नाही, त्यामुळे बी धरत नाही, म्हणूनच शेतकरी कंद लावतो किंवा टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, रोपं आणतो. वर्गात रावेर-यावलकडची दोन पोरं होती, त्यांच्या घरी हजारो खोडं, त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यातल्या एकाचे वडील बाहेर माझ्या शेजारीच बसलेले, ते पण उठून खिडकीशी आले.

कूलरचा रविवार थोडक्यात सांगतो. दोन साधे थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओलं कापड, पंख्यासमोर टांगलेले. हॉलमध्ये कोरडा ४१ आणि ओला २४. सतरा डिग्रीचा फरक, तेही फक्त पाणी सुकण्यामुळे. मे महिन्यात आपल्याकडे कूलर आणि माठ का चालतात आणि जुलैत तोच कूलर लावला की अंग चिकट का होतं, हे पोरांना त्या दोन आकड्यांवरून उमजलं, पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेलं, मग कापड सुकणार कसं. दर उन्हाळ्यात माझ्याकडे कूलरच्या मोटरी येतात आणि लोक म्हणतात कूलर थंड करत नाही, मोटर बघा. कित्येकदा मोटर चांगली असते, पॅड क्षार बसून कडक झालेले असतात, पाणी धरत नाहीत. आता पोरगीच गिऱ्हाइकाला सांगते.

आणि शून्य सावली. मेच्या शेवटच्या आठवड्यात, २४-२५ तारखेच्या आसपास, जळगावला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या रविवारी वर्ग सकाळी नव्हता, अकरा वाजता बोलावलं. प्रत्येकाने गच्चीवर एक सरळ उभी वस्तू ठेवायची, बाटली, पाइपचा तुकडा, आमच्या पोरीने दुकानातून मोटरचा जुना शाफ्ट, म्हणजे मधला लोखंडी दांडा, नेलेला. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. पोरांना वाटत होतं बाराला सावली जाईल. बारा वाजले, सावली आहे. बारा दहा, आहे. एक जण म्हणाला सर आज नाही जाणार. ढगाचा एक तुकडा आला तेव्हा तर सगळे वर बघून त्याला हाकलायला लागले. बारा वीसला शाफ्टच्या बुडाशी नखाएवढी काळी कड उरली, आणि बारा पंचवीसच्या सुमारास गेली. शाफ्ट उन्हात उभा आणि खाली काहीच नाही. ते बघताना कसं वाटतं मला नीट सांगता येत नाही, सगळी गच्ची दोन मिनिटं गप्प होती, आणि मग पोरं स्वतःच्या पायाखाली सावली शोधायला लागली.

मग प्रश्न आला की बाराला का नाही. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे, मिर्झापूरजवळून जातं ते, आणि जळगाव त्याच्या पश्चिमेला जवळपास सात अंश. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आपल्याकडे अठ्ठावीस मिनिटं उशिरा येतो, आणि मेमध्ये सूर्याची चालच तीनेक मिनिटं पुढे असते ती वजा. पोरांनी हे खडूने गच्चीवरच मांडलं आणि पंचवीस आलं! खुणा आणि हिशोब जुळले तेव्हा त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते. सरांनी मग चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचं सांगितलं, तिथल्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची (हे चांगदेव वेगळे, तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे, गल्लत करू नका). आणि त्या काळी सुद्धा अशीच उभी काठी रोवून, शंकू म्हणायचे त्याला, सावली मोजायचे. आम्ही पाटणादेवीला दहा वेळा गेलोय, दर्शन घेऊन, धबधबा बघून, पुरणपोळी खाऊन परत. हे कोणी सांगितलंच नव्हतं. नंदुरबार, शिरपूरवाल्यांनो, तुमच्याकडे ही सावली आमच्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी जाते, काही फी लागत नाही, पुढच्या मेमध्ये पोरांना घेऊन गच्चीवर जा. जुलैच्या मध्यात परत एकदा होतं पण ढग असतात.

सरांकडे जी खेळणी होती ती बहुतेक अरविंद गुप्तांच्या पद्धतीची, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घुमट. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, म्हणून विजेच्या टॉवरमध्ये सगळे त्रिकोण. गुप्ता हे आयआयटी कानपूरचे, १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबादला शाळांमधून प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला त्याच्याशी नोकरीतून रजा काढून जोडले गेले, नंतर पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर खेळण्यांची कृती आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीत सुद्धा. ज्यांच्या गावात असा वर्ग नाही त्यांनी तिथून सुरुवात करा, व्हॉल्व्ह ट्यूब कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळेल.

आता जे आवडलं नाही ते. हॉलला पत्रे आहेत, एप्रिलनंतर साडेनऊलाच भट्टी होते. मेमध्ये तरी वर्ग सकाळी सातला घ्या, मी सरांना बोललोय. टॉयलेट एकच आहे आणि त्याची कडी नीट लागत नाही, मुली आहेत वर्गात, हे आधी दुरुस्त करायला पाहिजे. कडी मी स्वतः बसवून देतो म्हटलंय. मायक्रोस्कोप एकच, सोळा पोरांमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं, कांद्याची पापुद्रा बघायला लाइन लागलेली आणि मागच्या पोरांचा पापुद्रा सुकून गेला. तो रविवार फसलाच असं मी म्हणेन. मदतनीस मुलगा दोनदा आला नाही तेव्हा सर एकटे पुरले नाहीत. व्हॉट्सअॅपवर उत्तर रात्री दहानंतर येतं, कधी येतच नाही. आणि एखादा रविवार चुकला तर तो गेलाच, परत घेत नाहीत. सेफ्टीबद्दल मात्र तक्रार नाही, दिवा किंवा स्पिरिट असलं की मुलींचे केस बांधलेले, ओढण्या काढून ठेवलेल्या, वाळूची बादली शेजारी, आणि दिवा पेटलेला असताना स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत.

खूप पालक विचारतात की याचा होमी भाभा बालवैज्ञानिकला फायदा होतो का. ती परीक्षा सहावी आणि नववीला असते, लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रोजेक्ट. सर सरळ सांगतात की मी परीक्षेची तयारी घेत नाही, त्यासाठी क्लास लावायचा तर दुसरीकडे लावा. दोन जणांनी त्यावरून नाव काढून घेतलं. माझं मत विचाराल तर ज्या पोराने चुकलेला सर्किट स्वतः दुरुस्त केलाय त्याला प्रॅक्टिकलची भीती वाटायचं कारण नाही, पण मार्कांची गॅरंटी पाहिजे असेल तर इथे येऊ नका, खरंच नका येऊ, ती जागा दुसऱ्या पोराला मिळू द्या. सोळाच आहेत.

पुढची बॅच दिवाळीनंतर म्हणाले. पाचवीच्या खालचं पोर घेत नाहीत. मोबाइल हॉलबाहेर टोपलीत. वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी पुरत नाही.

वर्ग संपला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी पोरगी आठलाच तयार होऊन बसली, म्हटलं आता कुठे जायचंय तर म्हणाली तुमच्यासोबत दुकानात. एक तीन एचपीची जळालेली सबमर्सिबल आलेली, मी कॉइल तोडून काढत होतो. तिने जळालेला एक गुच्छ उचलला, नाकाला लावला, आणि एक तार सोडवून नखाने खरवडली. इनॅमल काळं पडून भुगा होऊन गळत होतं. म्हणाली "पप्पा, हे खरवडायची गरजच नाही, आपोआप निघालंय, म्हणून शॉर्ट झालं ना?" मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की एका स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचेत, किती टर्न होते. म्हटलं मोज. ती स्टुलावर बसली आणि मोजायला लागली, चुकलं की परत पहिल्यापासून, दुपारी जेवायला घरी नेलं तेव्हा आकडा वहीच्या मागच्या पानावर दोन वेळा लिहिलेला होता, दोन्ही वेळा वेगळा, आणि खोडलेला एकही नव्हता.